बंद पडलेला जुना कॉम्प्युटर: प्लग लावण्याआधी

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या एखाद्या वर्कशॉपमधला ४८६ प्रोसेसरचा कॉम्प्युटर असो, की माळ्यावर वीस पावसाळे काढलेला घरचा पेंटियम. चालू होतो का ते बघायला हात आधी प्लगकडे जातो. ती घाई महागात पडते. आधी कॅबिनेट उघडा, नीट बघा, मोजा. वीज त्यानंतर.

आधी सेल

१९९५ च्या आसपासच्या आणि त्याआधीच्या बऱ्याच मदरबोर्डांवर कीबोर्डच्या सॉकेटजवळ बोटाच्या पेराएवढा, निळ्या किंवा हिरव्या वेष्टणातला सेल झाळलेला असतो. निकेल-कॅडमियम, ३.६ व्होल्ट. तो गळला की आतला अल्कली द्रव तांब्याचे ट्रॅक खात जातो. आजूबाजूला पांढरी किंवा हिरवट-निळी पूड दिसली की सेल लगेच कापून काढा. अजून गळला नसेल तरीही काढा, कारण तो गळणारच आहे.

कापसाच्या काडीने पांढरं व्हिनेगर लावा. बारीक बुडबुडे येतील. ते थांबले की डिस्टिल्ड वॉटरने पुसा, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवा आणि बोर्ड दिवसभर वाळू द्या. जुलै-ऑगस्टच्या हवेत दोन दिवस ठेवा. मग मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून काळवंडलेला एकेक ट्रॅक तपासा. कीबोर्ड कंट्रोलर चिपच्या सॉकेटखालचा भाग विशेष बघा. वरून स्वच्छ दिसतो आणि खाली ट्रॅक तुटलेला निघतो. तुटलेल्या जागी बारीक एनॅमल वायरचा जंपर टाका.

नवा सीआर २०३२ (बटणासारखा लिथियम सेल) तिथे थेट जोडू नका. जुना सेल चार्ज होणारा होता, त्यामुळे बोर्ड त्याच्याकडे करंट पाठवत राहतो आणि लिथियमचा सेल असा चार्ज झाला तर फुटू शकतो. होल्डरच्या प्लसला १ एन ५८१७ डायोड लावा, डायोडवरची पट्टी बोर्डाच्या बाजूला.

मग एसएमपीएस

एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा. त्याच्या मागचा लाल सरकता स्विच २३० वर आहे का, हे प्लग लावण्याआधी डोळ्यांनी बघा. तो ११५ वर असेल तर आतलं सर्किट व्होल्टेज दुप्पट करतं. ३२५ च्या जागी ६५० व्होल्ट डीसी तयार होतात आणि २०० व्होल्टच्या दोन मोठ्या कपॅसिटरवर प्रत्येकी ३२५ येतात. स्फोट ठरलेला.

एसएमपीएस उघडणार असाल तर प्लग काढून दहा मिनिटं थांबा आणि त्या मोठ्या कपॅसिटरवर मीटर लावून शून्याजवळ आलंय याची खात्री करा. फुगलेले, गळलेले कपॅसिटर बदला. मेन्सच्या बाजूला पिवळसर पारदर्शक चौकोनी कपॅसिटर दिसला, आणि त्याच्या अंगावर केसासारख्या भेगा असल्या, तर तो आधी काढा. भेगांतून दमटपणा आतल्या कागदात शिरतो. वीज दिल्यावर कधी लगेच, कधी दहा-पंधरा मिनिटांनी खोलीभर घाणेरडा धूर होतो. जागी तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, २७५ व्होल्ट एसी, एक्स-२ दर्जाचा लावा.

पहिली वीज सिरीज बोर्डातून द्या. वायरमनकडे असतो तोच: फेजमध्ये १०० वॉटचा तारेचा बल्ब. एलईडी इथे कामाचा नाही. बल्ब एकदा लखकन पेटून मंद झाला तर ठीक. पूर्ण तेजाने जळतच राहिला तर आत शॉर्ट आहे, तिथेच थांबा.

जुन्या एटी प्रकारचा एसएमपीएस लोडशिवाय सुरूच होत नाही, म्हणून लोक त्याला मेलेला समजतात. गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब लाल आणि काळ्या वायरमध्ये जोडा, साधारण एक अँपिअर लोड मिळतो. त्यानंतरच्या एटीएक्स प्रकारात हिरवी वायर काळीला लावली की तो चालू होतो. नाहीच झाला तर जांभळीवर ५ व्होल्ट आहेत का बघा. सिरीज बल्ब काढून मोजा: लाल वायरवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट, पिवळीवर ११.४ ते १२.६. याबाहेरचा एसएमपीएस बोर्डाला लावू नका. एटीच्या दोन कनेक्टरांत चारही काळ्या वायरी मध्ये एकत्र यायला हव्यात. अदलाबदल झाली तर बोर्ड गेला. आणि एटीच्या पुढच्या बटणात थेट २३० व्होल्ट असतात, त्याच्या पिनांवर स्लीव्ह हवीच.

बोर्ड

बोर्डावर फक्त प्रोसेसर, रॅम, डिस्प्ले कार्ड आणि स्पीकर ठेवा. रॅम आणि कार्डांच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने हलक्या घासून अल्कोहोलने पुसा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. रॅमचा हिशोब पाळा: ४८६ मध्ये ३० पिनांच्या चार, पेंटियममध्ये ७२ पिनांच्या दोन. एकटी पट्टी लावली तर बोर्ड गप्प बसतो.

बायोस म्हणजे बोर्ड सुरू करणारा चिपमधला प्रोग्रॅम. अवॉर्ड कंपनीच्या बायोसमध्ये एक लांब, दोन छोटे बीप म्हणजे डिस्प्ले कार्डचा दोष. एएमआय कंपनीच्या बायोसमध्ये त्यासाठी आठ. बीपच नाही तर रॅम काढून चालू करा. आता बीप आला तर प्रोसेसर आणि बायोस जिवंत आहेत, दोष रॅमकडे शोधा. तरीही शांतता असेल तर पोस्ट कार्ड लावा, म्हणजे सुरू होताना बोर्ड कुठे अडला त्याचा कोड दाखवणारं कार्ड. त्यावर ०० किंवा एफएफवरच अडकलं तर प्रोसेसर काम सुरूच करत नाही: बोर्डावरच्या जंपर-पिना, सॉकेट किंवा बायोस चिप तपासा. २००० नंतरच्या पाच-सात वर्षांतल्या बोर्डांवर प्रोसेसरभोवतीचे फुगलेले कपॅसिटर हेच पहिलं कारण. बदलताना लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेले), १०५ अंशांचे घ्या.

स्क्रीनवर सीमॉसची (सेलवर टिकणाऱ्या सेटिंगच्या मेमरीची) चूक दाखवून अडला, तर सेटिंग गेलंय. हार्ड डिस्कच्या लेबलवरचे सिलिंडर, हेड, सेक्टर सेटअपमध्ये जसेच्या तसे भरा. आकडे चुकीचे असताना डिस्कवर काहीही लिहू देऊ नका. डॉस सुरू झालं की दुसरं काही करण्याआधी डेटाची कॉपी घ्या. ५०४ एमबीच्या आतल्या डिस्क बऱ्याच यूएसबी अडॅप्टरना ओळखू येत नाहीत. त्यासाठी आयडीई अडॅप्टरवर सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) मेमरी कार्ड स्लेव्ह, म्हणजे दुसरी डिस्क, म्हणून लावून त्याच कॉम्प्युटरमध्ये कॉपी करा. वर्कशॉपच्या मशीनचं कंट्रोल सॉफ्टवेअर त्या एकाच डिस्कवर असेल, तर कॉपी पूर्ण होईपर्यंत ती बंद करू नका. थंड झालेली जुनी डिस्क दुसऱ्यांदा फिरेलच असं नाही.