तीन नोडचा क्लस्टर कस्टमरला बसवून देताय? या चुका टाळा

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर (एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवायचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी) घेतलं, महिन्याभरात पर्पेच्युअल (एकदाच घेऊन कायम वापरायचं) लायसन्स विकणं बंद केलं आणि तेव्हापासून भोसरी-चाकणकडच्या कस्टमरची एकच मागणी, प्रॉक्समॉक्स (त्याच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर) टाकून द्या, तीन सर्व्हर म्हणजे तीन नोड मिळून एक क्लस्टर, त्यातच सेफ (Ceph, सगळ्या सर्व्हरच्या डिस्कांचं मिळून एक स्टोरेज करणारं सॉफ्टवेअर) स्टोरेज, वेगळा सॅन बॉक्स (बाहेरची स्टोरेजची पेटी) नको. बसवायला फार वेळ लागत नाही, इन्स्टॉलर सोपा आहे, संध्याकाळपर्यंत सगळं हिरवं दिसतं आणि आपण सही घेऊन निघतो. पण सगळा हिशोब केलेला असतो तिन्ही सर्व्हर धडधाकट असतानाचा, आणि कस्टमरने पैसे मोजलेत ते एखादा मेला त्या दिवसासाठी. बहुतेक चुका इथूनच निघतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे जागेचा हिशोब. समजा प्रत्येक सर्व्हरमध्ये ३.८४ टीबीच्या चार एसएसडी आहेत, म्हणजे एकूण ४६ टीबी. सेफ तीन कॉपी ठेवतं म्हणून १५ टीबी, इथपर्यंत सगळ्यांनाच कळतं आणि कोटेशनमध्ये १५ लिहून मोकळे होतात. आता एक डिस्क गेली असं धरा. दहा मिनिटं वाट बघून सेफ ती डिस्क आउट करतं (हिशोबातून काढतं) आणि तिच्यावरचा डेटा परत बनवायला घेतं. पण नियम असा की तीन कॉपी तीन वेगळ्या सर्व्हरवरच पाहिजेत, आणि सर्व्हर आहेतच तीन, मग तो सगळा डेटा त्याच सर्व्हरच्या उरलेल्या तीन डिस्कांवर कोंबावा लागतो. डिस्का ६० टक्के भरलेल्या असतील तर त्या ८० वर जातात, ठीक आहे. ६५ असतील तर ८७ च्या आसपास, आणि ८५ लाच निअरफुलची (जागा संपत आल्याची) वॉर्निंग येते. ७२ असतील तर ९६ लागतील, पण ९० ला बॅकफिल थांबतं, म्हणजे रिकव्हरी अर्धवट लटकते, कस्टमरचं रोजचं लिहिणं मात्र चालूच असतं, आणि एक जरी डिस्क ९५ ला टेकली की राइट बंद, सगळ्या व्हीएम जागच्या जागी गोठतात. एक डिस्क गेली एवढंच झालं होतं!

म्हणून अशा सेटअपला कोटेशनमध्ये ९ टीबी लिहा आणि का ते तोंडी समजावून सांगा. त्यात परत स्क्रीनवर ३.८४ ची डिस्क ३.४९ दिसते (मोजायचं एकक वेगळं म्हणून), तेही आधीच सांगून टाका, नाहीतर "माल कमी दिला" असा फोन येणारच.

मग कोणीतरी हुशारी करतं, तीनऐवजी दोन कॉपी ठेवू आणि मिन साइझ (लिहिण्यासाठी कमीत कमी किती कॉपी चालू हव्यात) एक करू, जागा वाढते. नका करू. एक कॉपी बंद असताना उरलेल्या एकाच कॉपीवर लिहिलं जात राहतं, ती डिस्क गेली की मधल्या वेळातला डेटा कुठेच नसतो. साइझ तीन, मिन साइझ दोन, यावर घासाघीस नको. बजेट असेल तर चौथा सर्व्हर घ्यायला लावा, मग अख्खा नोड गेला तरी तिसरी कॉपी बनवायला जागा असते. तीनमध्ये ती सोय नाही, नोड परत येईपर्यंत दोन कॉप्यांवरच चालवायचं.

रॅमचंही तेच, पटकन सांगतो. २५६ जीबीचे तीन सर्व्हर म्हणजे ७६८ नाही, एक गेल्यावर उरतात ५१२, त्यातून प्रत्येक डिस्कच्या ओएसडीला (ती डिस्क सांभाळणारा सेफचा प्रोग्राम) डिफॉल्ट ४ जीबीचं टार्गेट असतं ते काढा, सिस्टिमचं काढा, व्हीएमची बेरीज ४५० च्या आत ठेवा.

"सर्व्हर आपोआप रीस्टार्ट होतात"

हा फोन आला की लोक आधी पॉवर सप्लाय बदलतात. त्याआधी नेटवर्क कसं वायरिंग केलंय ते बघा. कोरोसिंक म्हणजे नोड एकमेकांना "आहेस का" विचारतात ते, त्याला बँडविड्थ जवळपास काही लागत नाही पण लेटन्सी ५ मिलिसेकंदाच्या आत लागते. ते सेफच्याच १० जी लाइनवर टाकलेलं असतं. एरवी काही होत नाही, पण एखादी डिस्क गेली, रिबिल्ड सुरू झालं, लाइन भरली, कोरोसिंकचे पॅकेट उशिरा पोचले, नोडला वाटलं आपण एकटे पडलो, कोरम (निम्म्याहून जास्त नोडची साथ) गेला, आणि त्यावर एचए (नोड मेला की व्हीएम दुसरीकडे आपोआप चालू करायची सोय) लावलेल्या व्हीएम असतील तर ६० सेकंदांत वॉचडॉग त्याला रीस्टार्ट करतो. कधी कधी एकामागून एक तिन्ही. लॉगमध्ये क्रॅश काहीच दिसत नाही, पण कोरोसिंकचे लिंक डाउन आणि रीट्रान्समिटचे मेसेज ओळीने दिसतात. उपाय स्वस्त आहे, प्रत्येक सर्व्हरवर १ जी चं जे पोर्ट रिकामं पडलेलं असतं ते फक्त कोरोसिंकला द्या, वेगळ्या छोट्या स्विचवर, आणि दुसरी लिंक मॅनेजमेंट नेटवर्कवरून.

दुसरा त्रास जंबो फ्रेमचा, म्हणजे नेहमीपेक्षा मोठ्या पॅकेटचा. सर्व्हरवर एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) ९००० केला, स्विचवर एका पोर्टला राहून गेला. साधा पिंग जातो, लॉगिन होतं, वेबपेज उघडतं, आणि ओएसडी मात्र डाउन-अप-डाउन करत बसतात. पिंग करताना साइझ ८९७२ द्या आणि फ्रॅगमेंट करू नको असा ऑप्शन लावा, प्रत्येक नोडवरून प्रत्येक नोडला. एक जोडी जरी अडकली तरी पोर्ट सापडलं.

बाँडच्या (दोन नेटवर्क पोर्ट मिळून एक लाइन) दोन्ही वायरी एकाच स्विचला लावलेल्या तर इतक्या वेळा दिसतात की काय बोलणार. दोन स्विच घ्या, एमलॅग (दोन स्विच मिळून एकासारखे वागणं) येत नसेल तर अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप (एक वायर चालू, दुसरी राखीव) ठेवा, एलएसीपीच्या (दोन्ही वायरी एकदम वापरायच्या) नादी लागू नका.

डिस्कबद्दल एवढंच, लाइट गेल्यावर कॅश सांभाळणारे कपॅसिटर असलेल्या एंटरप्राइझ एसएसडीच घ्या. दुकानातल्या डेस्कटॉपच्या एसएसडी सेफच्या सिंक राइटला (डिस्कवर खरंच लिहिलं गेल्याशिवाय पुढे न जाणारं लिहिणं) इतका मार खातात की कस्टमर म्हणतो आमचा जुना सर्व्हर बरा होता. आणि मध्ये रेड (RAID) कार्ड, म्हणजे डिस्का एकत्र करून दाखवणारं, नको, डिस्का सरळ दिसल्या पाहिजेत.

लाइट जाणार, हे धरूनच चला

पुण्याच्या इंडस्ट्रियल पट्ट्यात गुरुवारी महावितरणचं मेंटेनन्स असतं, त्यामुळे बंद-चालू करायचा क्रम कस्टमरच्या माणसाला लिहूनच द्या. आधी व्हीएम बंद, मग सेफला नोआउट फ्लॅग (डिस्क आउट करू नको अशी खूण), मग नोड. चालू करताना तिन्ही नोड, सेफ शांत होईपर्यंत थांबा, नोआउट काढा, मग व्हीएम. नोआउट काढायचा राहतो, ही नेहमीची गंमत. पिवळी वॉर्निंग दिसत राहते, सवय होते, आणि काही महिन्यांनी डिस्क गेली की सेफ ती आउटच करत नाही, रिबिल्ड सुरूच होत नाही. दोन पॉवर सप्लाय एकाच यूपीएसला असतील तर तेही तेव्हाच सोडवा.

आणि सुरू होण्यासाठी जे लागतं ते क्लस्टरच्या आत ठेवू नका. डीएनएस, टाइम सर्व्हर, फायरवॉल सगळं व्हीएममध्ये, आणि नोडचं घड्याळ त्याच व्हीएमवर अवलंबून. सेफच्या मॉनिटरला (क्लस्टरवर नजर ठेवणारा प्रोग्राम, स्क्रीन नव्हे) ०.०५ सेकंदाचा फरकसुद्धा चालत नाही, लगेच क्लॉक स्क्यूची ओरड. नोडची नावं होस्ट्स फाइलमध्ये घाला, टाइम बाहेरून घ्या. आणि पासवर्डची एक्सेल शीट फाइल सर्व्हरच्या व्हीएमवर असते, ती आजच प्रिंट काढा.

हँडओव्हरच्या आधी कस्टमरसमोर एका नोडची पॉवर केबल ओढा, मेनूतून शटडाउन करू नका, ती टेस्टच नाही. त्याच्यावरच्या व्हीएम साधारण दोन मिनिटांत दुसरीकडे चालू होतात, पण नव्याने बूट होऊन, त्यामुळे "शून्य डाउनटाइम" हा शब्द प्रपोजलमधून आधीच काढून टाका. न उठणाऱ्या व्हीएमचं कारण बरेचदा सीडी ड्राइव्हमध्ये सापडतं, विंडोज टाकताना लावलेला व्हर्टआयओ ड्रायव्हरचा आयएसओ (सीडीची फाइल) तसाच राहिलेला आणि तो त्या मेलेल्या नोडच्या लोकल स्टोरेजवर. प्रत्येक व्हीएमचा ड्राइव्ह रिकामा करा. सर्व्हर वेगवेगळ्या पिढीचे असतील तर व्हीएमचा सीपीयू टाइप "होस्ट" ठेवू नका, लाइव्ह मायग्रेशनला (चालू व्हीएम दुसऱ्या नोडवर हलवायला) रडतं.

तीन कॉपी म्हणजे बॅकअप नाही, चुकून डिलीट केलं तर तिन्हीकडून जातं, तेव्हा बॅकअप सर्व्हर वेगळ्या मशीनवरच. आणि अलर्टचे मेल कुठे जातात ते तपासा, याच क्लस्टरवरच्या मेल सर्व्हरला जात असतील तर बाहेरचा आयडी टाका, केबल ओढलेली असतानाच तो मेल मोबाइलवर आला का ते बघा आणि मगच सही घ्या.