ग्लायकोलिपिडचे प्रयोग फसतात कुठे? या चुका टाळा

पेशींनी प्रतिसाद दिला, म्हणजे त्यांनी आपलं ग्लायकोलिपिडच (साखर जोडलेलं लिपिड, म्हणजे मेदरेणू) ओळखलं, असं धरून चालू नका. १९९८ मध्ये भलेभले इथेच फसले. ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या बाह्य आवरणातलं एलपीएस (लिपोपॉलिसॅकराइड) हे ग्लायकोलिपिड टीएलआर२ हा रिसेप्टर (बाहेरचे रेणू ओळखणारं पेशीवरचं प्रथिन) ओळखतो, असे शोधनिबंध त्या वर्षी छापून आले. वर्ष संपण्याआधीच ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने दाखवलं, की एलपीएसला दाद न देणाऱ्या सी३एच/एचईजे उंदरांत टीएलआर४चं जनुक बिघडलेलं असतं, म्हणजे एलपीएसचा खरा रिसेप्टर टीएलआर४. २००० मध्ये एलपीएस पुन्हा शुद्ध करून पाहिलं, तर टीएलआर२ गप्प! आधीचा गोंधळ एलपीएससोबत आलेल्या लिपोप्रोटीनांचा (मेद जोडलेल्या प्रथिनांचा) होता.

उलटंही घडतं. क्षयाच्या जिवाणूचं लिपिड तपासताना त्यात बाहेरून आलेल्या एलपीएसची भेसळ असू शकते. ऑटोक्लेव्हने (दाबाखालच्या वाफेने) ती जात नाही. काचसामान २५० अंशांच्या कोरड्या उष्णतेत अर्धा तास ठेवा आणि टीएलआर४ नसलेल्या पेशींवर तोच प्रयोग करून बघा. एलपीएसला बांधून ठेवणारं पॉलिमिक्सिन बी घातल्यावर प्रतिसाद घसरला, तर भेसळीचा संशय घ्या.

प्रतिसादच येत नसेल तर? बहुतेकदा दोष पेशींचा नसतो, लिपिड त्यांच्यापर्यंत पोचलेलंच नसतं. ट्रेहॅलोज डायमायकोलेट हे क्षयजिवाणूचं ग्लायकोलिपिड पाण्यात विरघळत नाही, माध्यमात त्याच्या गुठळ्या होतात. त्याला ओळखणारा मिंकल रिसेप्टर तपासायचा असेल तर ते आयसोप्रोपेनॉलमध्ये विरघळवून वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यात) घाला, द्रावक पूर्ण उडू द्या, मग पेशी सोडा. शेजारच्या वेलमध्ये नुसतं द्रावक वाळवायला विसरू नका. या एका कंट्रोलअभावी महिन्याची मेहनत वाया जाते. क्लोरोफॉर्ममधली लिपिडं काचेतच ठेवा, क्लोरोफॉर्म प्लास्टिक खातं.

टी-पेशींचा प्रश्न निराळा. इथे एमएचसी (टी-पेशींसमोर प्रथिनांचे तुकडे मांडणारे रेणू) शोधत बसू नका, लिपिड मांडायचं काम सीडी१ रेणूंचं. आणि उंदरांकडे त्यातला फक्त सीडी१डी आहे. सीडी१बीवर मांडलं जाणारं ग्लुकोज मोनोमायकोलेट हे जिवाणूचं ग्लायकोलिपिड साध्या उंदरात तपासलं, तर हाती शून्यच येणार.

आयएनकेटी पेशींच्या (सीडी१डीवरचं लिपिड ओळखणाऱ्या टी-पेशींच्या) बाबतीत साखरेचा जोड अल्फा की बीटा, हे आधी पाहा; त्या अल्फाला जोरदार दाद देतात. बीटाच्या बाटलीत अंशभर अल्फा असलं तरी त्या पेशी पेटतात.

शेवटी, उंदरातला निकाल माणसाला चिकटवू नका: लिपिड ४ए (एलपीएस तयार होतानाचं अर्धवट रूप) उंदरातला टीएलआर४ चेतवतं, माणसातला मात्र अडवून धरतं.