पुस्तकावर वाद कसा करावा : कर्णाच्या निमित्ताने

कर्ण हा मराठी वाचकांच्या गप्पांतला हमखास विषय आहे. कोणीतरी ‘कर्णावर अन्यायच झाला’ असे लिहितो, दुसरा ‘भरसभेत तो द्रौपदीला काय म्हणाला ते आठवा’ असे सुनावतो, आणि पाचव्या-सहाव्या उत्तरापर्यंत गाडी कर्णावरून एकमेकांच्या वाचनावर आणि वाचनावरून थेट संस्कारांवर घसरलेली असते. पुस्तकांवरच्या वादात होणाऱ्या बहुतेक सगळ्या चुका या एका वादात सापडतात, म्हणून वादाची रीत सांगण्यासाठी मी त्याचेच उदाहरण घेणार आहे. कादंबरी असो, कविता असो वा तत्त्वज्ञानाचा ग्रंथ असो, रीत फारशी बदलत नाही.

सर्वांत आधी आपण कोणत्या पुस्तकाविषयी बोलत आहोत हे ठरवून घ्यावे. हे इतके उघड आहे की ते कोणी करत नाही. ‘महाभारतात असे आहे’ या वाक्यातले महाभारत नेमके कोणते? पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम सुरू केले आणि शेकडो हस्तलिखिते ताडून पाहत ते १९६६ साली पूर्ण केले. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९६७ साली, शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ ही कादंबरी आणि इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ ही दोन्ही पुस्तके प्रसिद्ध झाली. या दोन पुस्तकांतले कर्ण समोरासमोर आले तर एकमेकांना ओळखणारही नाहीत. कर्वे चिकित्सित पाठ हाताशी धरून, ‘मी कोण?’ या प्रश्नाने आयुष्यभर पछाडलेल्या माणसाची झाडाझडती घेतात. सावंतांच्या कादंबरीत कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण आपापल्या तोंडाने कथा सांगतात, आणि माणूस स्वतःची कथा स्वतः सांगू लागला की ऐकणारा निम्मा त्याच्या बाजूला झुकलेला असतो. त्यात भर म्हणून १९८८ साली दूरदर्शनवर सुरू झालेल्या मालिकेतला कर्ण आहेच. चार माणसे चार कर्ण मनात धरून भांडत असतील, तर तो वाद कसला? ती चार स्वगते आहेत.

याचा प्रत्यक्ष परिणाम किती होतो ते पाहावे. ‘मी सूतपुत्राला वरणार नाही’ असे म्हणून द्रौपदीने कर्णाला स्वयंवरात नाकारले, या प्रसंगावर कर्णाची बाजू घेणारे सगळा डोलारा उभा करतात. पण चिकित्सित आवृत्तीच्या संपादकांनी तो प्रसंग मुख्य पाठातून वगळून पाठभेदांत ठेवलेला आहे. ‘द्रोणांनी कर्णाला शिष्यच करून घेतले नाही’ हेही असेच ठासून सांगितले जाते. आदिपर्वात तर द्रोणांकडे शिकायला आलेल्यांत राधेयाचे, म्हणजे कर्णाचे, नाव आहे, आणि शांतिपर्वात द्रोण नाकारतात ते ब्रह्मास्त्र. म्हणून लिहिताना ‘कादंबरीतला कर्ण’, ‘चिकित्सित आवृत्तीतला कर्ण’, ‘मालिकेतला कर्ण’ असे स्पष्ट म्हणावे. घरात चिकित्सित आवृत्तीच्या आधीचे एखादे मराठी भाषांतर असेल तर तेही सांगून टाकावे. त्यात कमीपणा काही नाही.

हे शहाणपण मला उशिरा आले. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडला तेव्हा द्रौपदी ‘आंधळ्याचा पोर आंधळाच’ असे म्हणाली आणि त्या एका वाक्याने युद्ध पेटले, असे मी एकदा मोठ्या आवेशात लिहिले होते. एका निवृत्त शिक्षकांनी त्यावर दोनच शब्द लिहिले: ‘कोणत्या अध्यायात?’ मी ‘सर, हे तर सगळ्यांना माहीत आहे’ असे उत्तर दिले आणि मग तीन संध्याकाळी सभापर्व चाळत बसलो. निवेदकाने सांगितलेल्या त्या प्रसंगात हसतात ते भीम, अर्जुन, नकुल, सहदेव आणि सेवक. द्रौपदी तिथे नाहीच, मग तिचे ते वाक्य कुठून असणार? या प्रकरणाचा पुढचा भाग शेवटी सांगतो.

पुस्तक ठरले की आपले म्हणणे एका वाक्यात लिहावे. न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, अनुमानाची पाच अंगे सांगितली आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. आपल्या गप्पांना पाचांची गरज नाही, पण पहिल्या तिघांशिवाय वाद उभाच राहत नाही. प्रतिज्ञा म्हणजे काय सिद्ध करायचे आहे, हेतू म्हणजे का, आणि उदाहरण म्हणजे पुस्तकातली जागा. ‘कर्णावर अन्याय झाला’ हे वाक्य ऐकायला प्रतिज्ञेसारखे वाटते, परंतु त्यात अन्याय कोणी केला हेच सांगितलेले नाही. कथेतल्या माणसांनी केला असे म्हणायचे असेल, तर तो कथेतल्या समाजाविषयीचा दावा आहे आणि त्याला कथेतले प्रसंग लागतील. रचनाकाराने केला असे म्हणायचे असेल, तर तो लेखनाविषयीचा दावा झाला. मग कर्णाच्या वाट्याला कोणते प्रसंग, किती श्लोक आणि कसा शेवट आला ते दाखवावे लागेल. नंतरच्या वाचकांनी केला असे म्हणायचे असेल, तर मूळ ग्रंथ बाजूला ठेवून टीका आणि कादंबऱ्या उघडाव्या लागतील. माझा अनुभव असा की या तिघांतले आपले म्हणणे कोणते, एवढे दोन्ही बाजूंनी लिहिले तरी निम्मी भांडणे तिथेच मिटतात, कारण दोघे वेगवेगळ्या गोष्टी बोलत होते हे उघड होते.

उदाहरण देताना पर्व, प्रकरण किंवा पृष्ठ सांगावे, आणि पृष्ठ सांगितले तर आवृत्तीही सांगावी. उताऱ्याचा अर्धाच भाग पुढे करू नये. ‘नरो वा कुंजरो वा’ ही युक्ती युद्धात चालली असेल, वाचकांत फार काळ चालत नाही, कारण कोणाच्या तरी घरी पूर्ण पुस्तक असतेच. सभापर्वात कर्ण द्रौपदीला ‘बंधकी’, म्हणजे कुलटा, म्हणतो हे खरे आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही. पण उद्योगपर्वात तोच कर्ण कृष्णाजवळ कबूल करतो की दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून आपण पांडवांना कटू बोललो आणि त्या कृत्याचा आपल्याला आता पश्चात्ताप होतो. कर्णाच्या विरोधकाने पहिल्या जागेबरोबर दुसरीही सांगावी आणि चाहत्याने दुसरीबरोबर पहिली सांगावी. आपल्याला अडचणीची असलेली जागा आपणच आधी पुढे केली, तर समोरच्याच्या हातातले निम्मे शस्त्र गळून पडते.

आता वादाच्या प्रकारांकडे. न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथाने, न्यायसूत्रांनी, चर्चेचे तीन प्रकार केले आहेत. सत्य काय ते कळावे म्हणून दोघे प्रमाणे देत बोलतात तो वाद. जिंकण्यासाठी वाटेल ती युक्ती वापरतात तो जल्प. आणि स्वतःची बाजू न मांडता केवळ समोरच्याची पाडत राहणे ही वितंडा. मराठीत आपण कोणत्याही कटकटीच्या भांडणाला ‘वितंडवाद’ म्हणतो आणि त्यामुळे मूळ शब्दाची धार गेली आहे, हे मला खटकते, कारण वितंडा ओळखण्याची खूण अगदी सोपी आणि उपयोगी आहे. सतत ‘हे चूक, तेही चूक’ म्हणणाऱ्याला शांतपणे विचारावे: ‘मग तुमचे मत काय?’ उत्तर आले तर वाद सुरू झाला. नाही आले तर आपले वाचन पुढे चालू ठेवावे.

जल्पातली सर्वांत नेहमीची युक्ती म्हणजे छल. शास्त्रातले त्याचे उदाहरण मराठीतही जसेच्या तसे कळते. एकजण म्हणतो, ‘हा मुलगा नवकंबल आहे’, म्हणजे त्याच्याजवळ नवे कांबळे आहे; दुसरा म्हणतो, ‘याच्याकडे नऊ कांबळी कुठे आहेत? एकच तर आहे!’ आपल्याकडे हाच खेळ ‘खरा’ या शब्दावर चालतो. ‘कादंबरीतला कर्ण मला खरा वाटला’ असे कोणी लिहिले की लगेच उत्तर येते, ‘व्यासांनी लिहिले नाही ते खरे कसे?’ पहिल्याला ‘खरा’ म्हणजे जिवंत, पटणारा असे म्हणायचे होते. दुसऱ्याने त्याचा अर्थ मुळाशी प्रामाणिक असा केला. ‘वास्तव’, ‘अश्लील’, ‘दुर्बोध’, ‘भारतीय’ हे शब्दही असेच निसरडे आहेत. असा शब्द दिसला की आपण तो कोणत्या अर्थाने वापरतो ते कंसात का होईना लिहून टाकावे, आणि दुसऱ्याने वापरला तर अर्थ गृहीत न धरता विचारावा. याला कोणी शब्दांचा कीस पाडणे म्हणेल. म्हणू द्यावे.

खंडनापूर्वी पूर्वपक्ष मांडण्याची आपल्या शास्त्रग्रंथांची चाल उचलण्यासारखी आहे. समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत आधी लिहावे, आणि त्याने ‘हो, हेच म्हणतोय’ असे म्हटल्यावरच उत्तर द्यावे. ‘ताई, तुमचे म्हणणे असे दिसते की सहा निवेदक असूनही कादंबरीचा तोल कर्णाकडेच राहतो. बरोबर ना?’ ‘नाही, तोल राहतो एवढेच नाही, तो मुद्दाम तसा ठेवला आहे असे मी म्हणते.’ या ‘मुद्दाम’ शब्दाने सगळे बदलते. आता प्रश्न कर्णाच्या स्वभावाचा उरत नाही, लेखकाने निवेदक कसे निवडले याचा होतो, आणि पुस्तकांवरच्या वादात मला खरी गोडी वाटते ती इथूनच.

‘आवडले’ आणि ‘चांगले आहे’ यांची गल्लत करू नये. पहिल्यावर वाद होत नाही, दुसऱ्यावर होतो. ‘मी स्वतः लिहितो, म्हणून मला कळते’ हा हेतू नव्हे. लेखकाच्या खाजगी आयुष्यातून पुस्तकाचा न्याय करू नये.

थांबावे कधी? न्यायशास्त्राने हरल्याच्या बावीस जागा सांगितल्या आहेत, त्यांना निग्रहस्थाने म्हणतात. त्यांतल्या तीन लक्षात ठेवल्या तरी पुरे. प्रतिज्ञांतर, म्हणजे अडचण आल्यावर गुपचूप मूळ दावा बदलणे. अर्थांतर, म्हणजे विषय सोडून भलतेच बोलणे. आणि पुनरुक्त, म्हणजे तेच ते पुन्हा सांगणे. यांतले तिसरे मला फार आवडते, कारण शेवटचा शब्द आपलाच असावा म्हणून तोच मुद्दा चौथ्यांदा लिहिणारा माणूस स्वतःला विजयी समजत असतो, आणि शास्त्र त्याला पराभूत म्हणते. लिहिण्याआधी आपलेच मागचे उत्तर वाचावे. नवा उतारा किंवा नवे कारण नसेल तर तिथेच थांबावे. चूक मान्य करताना मात्र ‘मला तसे म्हणायचे नव्हते’ अशी पळवाट न काढता नेमके काय चुकले ते लिहावे.

मी तसे लिहिले. ‘सर, ते वाक्य सभापर्वाच्या त्या अध्यायात नाही, द्रौपदीही तिथे नाही, माझे चुकले.’ सरांनी शाबासकी दिली नाही की टोमणाही मारला नाही. त्यांनी लिहिले: ‘आता तीन अध्याय पुढे जा. दुर्योधन हाच प्रसंग बापाला सांगतो तेव्हा द्रौपदी इतर स्त्रियांसह आपल्याला हसली असे म्हणतो. त्याच्या सांगण्यात ती का आली?’