हिवाळी परसबाग : पेरतानाच काढणीचा विचार करा

पाऊस ओसरला आणि माती वापशावर, म्हणजे ना चिखल ना कोरडी अशा ओलीवर, आली की परसबागेचा सर्वांत हुकमी हंगाम सुरू होतो. ऊन सौम्य असते, पावसाचा मार नसतो, तणही आवाक्यात राहते. तरीही बऱ्याच घरी एकाच आठवड्यात मेथी इतकी निघते की वाटावी लागते आणि पुढचा महिनाभर वाफा रिकामा पडतो. मुळा उपटावा तर आतून भेंडाळलेला, वांगे कापावे तर बियांनी भरलेले. अशा वेळी दोष खताला किंवा बियाण्याला दिला जातो. माझ्या मते बहुतेक वेळा चूक तिथे नसते. बी टाकताना ते पीक कधी, किती आणि कोणत्या अवस्थेत काढायचे हे ठरवलेले नसते, म्हणून असे होते.

आधी माती. वापसा ओळखायला मूठभर माती दाबून गोळा करा आणि त्याला बोटाने टोचा. गोळा भुसभुशीत फुटला तर वाफे करायला घ्या. तो चिकट राहून नुसता दबला तर दोन दिवस थांबा, कारण ओल्या मातीत कुदळ चालवली की ढेकळे बसतात आणि ती हंगामभर त्रास देतात. खत चांगले कुजलेलेच हवे. गाजर आणि मुळ्याच्या वाफ्यात कच्चे शेणखत अजिबात घालू नका. त्याने मुळांना फाटे फुटतात. जागा निवडताना फळभाज्यांना दिवसाचे सहा तास तरी थेट ऊन मिळेल असे पाहा. पालेभाज्या तीन-चार तासांच्या उन्हावरही भागवून घेतात.

पालेभाज्यांचा वाफा एकदम पेरू नका, हे मी पुन्हा पुन्हा सांगेन. त्याचे चार पट्टे पाडा आणि दर 10 ते 15 दिवसांनी एक पट्टा पेरा. मेथी साधारण 25 ते 30 दिवसांत काढणीला येते, कोथिंबिरीला 40 ते 45 दिवस लागतात. पहिला पट्टा संपेपर्यंत दुसरा तयार होतो आणि घरात रोजच्या पुरती ताजी भाजी येत राहते. कोथिंबिरीसाठी धणे हलक्या हाताने रगडून दोन फोडी करा, रात्रभर पाण्यात भिजवा आणि मग पेरा. उगवायला आठ ते बारा दिवस लागतात. चौथ्या दिवशी काही दिसत नाही म्हणून माती उकरून पाहू नका.

टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी आणि फ्लॉवर यांची मात्र रोपे तयार करूनच लावा. कोबी-फ्लॉवरची रोपे तीन-चार आठवड्यांत तयार होतात, टोमॅटो-वांगी-मिरचीला चार ते सहा आठवडे लागतात. रोपांच्या ट्रेमध्ये पाणी साचले तर रोपमर येते. बुंधा मातीलगत काळपट व बारीक होतो आणि रोप कोलमडते. म्हणून पाणी सकाळी द्यावे आणि वरची माती थोडी सुकल्याशिवाय पुन्हा देऊ नये. पुनर्लागवड संध्याकाळी करा, लगेच पाणी द्या आणि तीन-चार दिवसांनी आंबवणी, म्हणजे दुसरे हलके पाणी, द्या. टोमॅटोचे रोप खालची पाने काढून नेहमीपेक्षा खोल लावले तरी चालते. गाडलेल्या खोडालाही मुळे फुटतात आणि झाड भक्कम होते. लागवडीनंतर दोन-तीन इंच जाडीचे वाळलेल्या पाल्याचे आच्छादन पसरा, फक्त ते बुंध्याला टेकवू नका.

मुळा आणि गाजर कायमच्या जागीच पेरावे लागतात. त्यांची विरळणी करताना हात आखडतो, कारण उगवलेले रोप उपटणे जिवावर येते. तरी ते करायलाच हवे. दोन मुळ्यांत आठ-दहा सेंटिमीटर आणि दोन गाजरांत पाच-सात सेंटिमीटर अंतर राहिले नाही, तर पाला भरपूर येतो आणि खाली दोरीएवढे मूळ राहते. मुळ्याची उपटलेली रोपे भाजीत चालतात, तेव्हा काही वाया जात नाही.

आता तोडणी. घेवडा, काकडी, भेंडी, वांगी, मिरची, दोडका, दुधी या पिकांचा नियम एकच आहे : जितके तोडाल तितके येईल. झाडाची सगळी धडपड बी पक्के करण्यासाठी असते. एखादे फळ झाडावर राहून त्यातले बी भरू लागले की झाड आपली ताकद तिकडे वळवते, नवीन फुले कमी येतात आणि आलेली गळतात. पानाआड लपलेली एक पिवळी काकडी सगळ्या वेलाचा बहर थांबवू शकते. म्हणून या पिकांतून दर दोन दिवसांनी फिरा, पाने बाजूला सारून पाहा आणि जून झालेले फळ खायचे नसले तरी तोडून टाका.

पावसाळ्यातली भेंडी अजून उभी असेल तर फूल उमलल्यापासून साधारण पाच-सहा दिवसांत ती तोडा. शेंगेचे टोक चटकन मोडले तर ती कोवळी, नुसते वाकले तर निबर. वांग्याची साल चकचकीत असतानाच ते काढा. चमक गेली म्हणजे आत बी तयार होऊ लागले. दुधीच्या सालीत नख सहज रुतले पाहिजे. दुधी, दोडका किंवा काकडी कापल्यावर आधी बारीकशी फोड चाखून पाहा. चव कडू लागली तर ते फळ शिजवूनही खाऊ नका, त्याचा रस तर मुळीच पिऊ नका. या वर्गातल्या फळांत कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्ये वाढली की ती कडू होतात, आणि त्यामुळे जोरदार उलट्या-जुलाब होऊन माणूस गंभीर आजारी पडू शकतो.

वेलीला फुले भरपूर आणि फळे मात्र नाहीत, अशी तक्रार असेल तर फुलांची वेळ पाहा. काकडी आणि कारल्याची फुले सकाळी उमलतात, दुधी आणि दोडक्याची संध्याकाळी. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ असते, नर फुलामागे नुसता देठ. ताजे नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या मागे वळवा आणि परागकोश मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवा. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरते.

टोमॅटो झाडावर पूर्ण लाल होण्याची वाट पाहायची गरज नाही. टोकाकडे गुलाबी छटा आली की तोडला तरी घरात नीट पिकतो आणि पक्षी, किडी व तडकण्यापासून वाचतो. तळाशी काळा, चामड्यासारखा डाग दिसला तर तो सहसा रोग नसतो. पाणी कधी भरपूर, कधी अजिबात नाही असे झाले की फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही. पाण्याचा ताळमेळ बसवला की पुढची फळे चांगली येतात.

कोबीचा गड्डा दाबून घट्ट लागला की कापा. तयार गड्ड्याला एकदम जास्त पाणी दिले तर तो फुटतो. फ्लॉवरचा गड्डा लिंबाएवढा दिसू लागला की बाहेरची पाने त्यावर दुमडून सैल बांधा, म्हणजे तो पिवळा पडत नाही. वाटाण्याचे दाणे भरले पण साल अजून तजेलदार आहे, अशा वेळी शेंगा तोडा आणि शक्यतो त्याच दिवशी वापरा. तोडल्यापासून त्यातली साखर पिठूळ होऊ लागते. पालक आणि मेथी बुडाशी दोन बोटे ठेवून कापल्यास पुन्हा फुटते. कांदा पातीच्या माना मोडून आडव्या पडल्याशिवाय काढू नका, आणि काढण्याआधी दोन आठवडे पाणी तोडा.

तोडणी सकाळी, दव सुकल्यावर करावी. घेवड्याच्या ओल्या झाडांना हात लावला तर रोग एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. फळ ओढून काढू नका, देठ कात्रीने कापा. भाजी ठेवण्याआधी धुऊ नका. टोमॅटो, वांगी आणि काकडी फ्रीजच्या फार गार कप्प्यात बिघडतात, पालेभाजी मात्र ओलसर कापडात गुंडाळून गारव्यातच ठेवावी.

थंडीत मावा, म्हणजे पानांतला रस शोषणारी बारीक कीड, हमखास येतो. पहिला उपाय पाण्याचा जोरदार फवारा, तोही पानाच्या खालच्या बाजूने. काळ्या अंगावर नारिंगी ठिपके असलेली, चपळ, काटेरी दिसणारी अळी त्यात फिरताना दिसली तर तिला मारू नका. ती ढालकिड्याची अळी असून तीच मावा फस्त करते. तेवढ्याने भागले नाही तर 50 ग्रॅम निंबोळी पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळा, त्यात किंचित साबण घाला आणि संध्याकाळी फवारा. तयार भाजी फवारणीच्या आधी तोडून घ्या.

बी धरायचे असेल तर हंगामाच्या शेवटी उरलेली फळे ठेवू नका. सर्वांत निरोगी झाडावरचे उत्तम फळ सुरुवातीलाच दोरा बांधून राखून ठेवा आणि ते झाडावरच पूर्ण जून होऊ द्या. झाड त्या फळात गुंतणार, म्हणून बियांसाठी एक वेगळे झाड राखलेले बरे. संकरित वाणाचे बी मात्र धरू नका, पुढची रोपे मूळ झाडासारखी निघत नाहीत. काढलेले बी सावलीत खडखडीत वाळवा आणि वाण व महिना लिहून हवाबंद बरणीत ठेवा.