नायट्रॉक्सची टाकी : बेळगावहून किनाऱ्याकडे निघण्यापूर्वीची तयारी

पावसाळा सरून समुद्र निवळला की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील डायव्हर मालवण, गोवा किंवा मुर्डेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाकडे जाण्याच्या तयारीला लागतात. त्यांपैकी ज्यांच्याकडे पाण्याखाली श्वास घेण्यासाठीच्या स्वतःच्या टाक्या आहेत आणि ज्यांनी नायट्रॉक्सचे, म्हणजे ऑक्सिजन वाढवलेल्या हवेचे, रीतसर प्रशिक्षण घेतले आहे, त्यांच्यासाठी ही यादी आहे. साध्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो, तर नायट्रॉक्समध्ये तो बहुधा ३२ किंवा ३६ टक्के ठेवला जातो. नायट्रोजन तेवढा कमी असल्याने १५ ते ३० मीटर खोलीवर अधिक वेळ थांबता येते. मात्र हाच ऑक्सिजन मर्यादेपलीकडच्या खोलीवर विषासारखा वागतो. पूर्वसूचना न देता झटके येतात, तोंडातला रेग्युलेटर, म्हणजे टाकीतून श्वास घेण्याचे साधन, सुटतो आणि माणूस बुडतो. म्हणून टाकीत नेमके किती टक्के आहे, हे पाण्यात उतरण्यापूर्वी निश्चित झालेच पाहिजे. दहा मीटरच्या आतच डायव्ह करायचा असेल, तर माझ्या मते साधी हवा पुरते आणि पुढचा सारा खटाटोप करण्याचे कारण उरत नाही.

सुरुवात टाकीच्या तपासणीपासून करावी. खांद्यावर ठोकलेली जलदाब चाचणीची तारीख वाचावी आणि मुदत संपली असल्यास मान्यताप्राप्त चाचणी केंद्राकडून चाचणी करून घ्यावी. आपल्या देशात गॅस सिलिंडरांचे नियमन करणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय यंत्रणेचे मुख्यालय नागपूरला आहे आणि तिची मान्यता नसलेल्या ठिकाणी टाकी देऊ नये. याशिवाय वर्षातून एकदा व्हॉल्व्ह काढून, आत दिवा सोडून गंज, ओल किंवा तेलाचा थर आहे का, हे जाणकाराकडून पाहून घ्यावे. टाकीत आधी शुद्ध ऑक्सिजन सोडून मग वर हवा भरली जाणार असेल, किंवा मिश्रण ४० टक्क्यांहून अधिक असेल, तर टाकी आणि व्हॉल्व्ह दोन्ही ऑक्सिजनसाठी खास स्वच्छ केलेले असणे अनिवार्य आहे. व्हॉल्व्हमधील रबरी कड्या व्हायटनसारख्या ऑक्सिजनला टिकणाऱ्या पदार्थाच्या असाव्यात आणि त्यांना नेहमीचे सिलिकॉन ग्रीस लावू नये, तर ऑक्सिजनसाठी बनवलेले वंगणच वापरावे. जास्त दाबाच्या ऑक्सिजनमध्ये तेलाचा किंवा ग्रीसचा लहानसा अंशही पेट घेऊ शकतो.

याच कारणासाठी खंडेनवमीबद्दल दोन शब्द लिहिणे मला आवश्यक वाटते. डायव्हिंगचा हंगाम आणि दसरा जवळजवळ एकाच वेळी येतात, आणि आपल्या घरांतून त्या दिवशी गाडीपासून पान्यापर्यंत सगळ्याची पूजा होते, तशी टाक्यांचीही व्हावी, यात गैर काही नाही. फक्त पूजेआधी व्हॉल्व्हच्या तोंडाला टोपी घट्ट बसवावी, हळदकुंकू टाकीच्या बुडाशी लावावे, हार गळ्यात न घालता पायाशी ठेवावा, आणि तेलातुपाची निरांजने व कापूर दूर पाटावर ठेवावेत. तुपाचा हात व्हॉल्व्हला लागला असेल, तर तो नुसता फडक्याने पुसून भागत नाही. व्हॉल्व्ह उघडून पुन्हा स्वच्छ करून घ्यावा लागतो.

भरण्याचे काम प्रशिक्षित मिश्रकाराचे आहे आणि ते त्याच्याचकडे सोपवावे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांतून वेल्डिंगचे काळे ऑक्सिजन सिलिंडर आणि मोठमोठे कॉम्प्रेसर रोज नजरेस पडतात, म्हणून तेथून काम भागवण्याचा विचार कोणाच्या मनात आला, तर तो तेथेच सोडावा. हत्यारे चालवणाऱ्या कॉम्प्रेसरच्या हवेत तेल असते, आणि शुद्ध ऑक्सिजनवर चढवायच्या हवेत तेलाचे प्रमाण घनमीटरला ०.१ मिलिग्रॅमहून अधिक चालत नाही. तरीही भरताना काय घडते, हे टाकीच्या मालकाला ठाऊक असावे. रिकाम्या टाकीत २०० बारचे ३२ टक्के मिश्रण करायचे असल्यास आधी सुमारे २८ बार ऑक्सिजन अगदी हळूहळू सोडला जातो, कारण व्हॉल्व्ह झटक्यात उघडल्यास दबणारा वायू तापून आग लागण्याचा धोका असतो, आणि नंतर वर हवा चढवली जाते. भरलेली टाकी पूर्ण थंड होऊन मिश्रण एकजीव होईपर्यंत मोजणी करू नये.

मोजणी हा या यादीतला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, आणि घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी येथे जास्त लक्ष द्यावे. ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्रातील सेल टक्केवारी थेट ओळखत नाही. तो ऑक्सिजनचा आंशिक दाब, म्हणजे वायूच्या एकूण दाबातला ऑक्सिजनचा वाटा, ओळखतो आणि त्यावरून यंत्र आकडा दाखवते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्याने येथील हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी कमी असतो. गेल्या सहलीत मालवणला साध्या हवेवर धरून २०.९ टक्क्यांना जुळवलेले यंत्र तसेच घरी आणून त्याने ३२ टक्क्यांची टाकी मोजली, तर ते २९ च्या आसपास आकडा दाखवील. त्या आकड्यावर विसंबून ऑक्सिजनच्या आंशिक दाबाची १.४ बारची मर्यादा धरून हिशेब केला, तर कमाल खोली जवळजवळ ३८ मीटर निघते. खऱ्या ३२ टक्क्यांना ती ३३ मीटर आणि थोडी वर एवढीच आहे. हा चार मीटरचा फरक जीव घेऊ शकतो. म्हणून ज्या ठिकाणी मोजायचे, त्याच ठिकाणी, त्याच वेळी, पंख्याच्या झोतापासून दूर, यंत्र पुन्हा साध्या हवेवर जुळवून घ्यावे. व्हॉल्व्ह किंचित उघडून वायूचा प्रवाह मंद आणि सारखा ठेवावा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे. बेळगावात मोजलेली टाकी किनाऱ्यावर पोहोचल्यावर पुन्हा मोजावी, असा माझा आग्रह आहे. जो ती टाकी पाठीवर घेणार आहे, त्याने स्वतः मोजावी. मित्राने मोजली, केंद्रातल्या माणसाने सांगितले, हे पुरेसे नाही. मागितलेल्या मिश्रणापेक्षा एका टक्क्याहून अधिक फरक आढळल्यास एकतर टाकी परत करावी, नाहीतर मोजलेल्या आकड्यावरच सारा हिशेब नव्याने मांडावा. ३२.४ असे आले, तर खोलीसाठी ३३ धरणे शहाणपणाचे, म्हणजे मर्यादा ३२ मीटरवर येते. ३६ टक्क्यांसाठी हीच मर्यादा २८ मीटर धरावी.

मोजणी झाल्याबरोबर, यंत्र खाली ठेवण्यापूर्वी, लेबल लावावे. टाकीच्या खांद्याखाली हिरवा पट्टा आणि त्याच्या वर-खाली पिवळी किनार, ही नायट्रॉक्सची ओळख असते, पण तो पट्टा आत किती टक्के आहे, हे सांगत नाही. ते सांगण्यासाठी चिकटपट्टीवर न पुसणाऱ्या शाईने ऑक्सिजनची टक्केवारी, कमाल खोली मीटरमध्ये, दाब, तारीख आणि मोजणाऱ्याचे नाव व सही लिहावी. आपल्या भागात पाट्या मराठी आणि कन्नड दोन्हींत असतात आणि आकडेही दोन्ही लिप्यांत लिहिले जातात. परंतु ही टाकी गोव्याच्या बोटीवरचा माणूसही उचलणार आहे, तेव्हा लेबलावरचे आकडे इंग्रजी पद्धतीचेच आणि ठळक असावेत. जुने लेबल पूर्ण सोलून काढल्याशिवाय नवे चिकटवू नये. एकावर एक दोन लेबले असलेली टाकी मोजलेली नाही असेच समजावे.

गाडीत टाक्या आडव्या ठेवून पट्ट्याने बांधाव्यात, कारण आंबोली आणि चोर्ल्याच्या वळणांवर सुटी टाकी घरंगळते. बंद गाडी उन्हात उभी करू नये. परतीचा दिवस ठरवताना हेही लक्षात असू द्यावे की नायट्रॉक्स वापरला तरी, शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून घाट चढण्याआधी घ्यायची विश्रांती माफ होत नाही. ६०० मीटरच्या वर जाण्यासाठी एका डायव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डायव्ह झाले असतील तर १८ तास थांबावे, आणि आंबोली व बेळगाव दोन्ही त्या उंचीच्या वर आहेत. वापरून झालेल्या टाकीत थोडा दाब शिल्लक ठेवून व्हॉल्व्ह बंद करावा, म्हणजे आत ओल शिरत नाही, आणि टक्केवारीचे लेबल किनाऱ्यावरच काढून टाकावे.