बर्ट आणि अर्नी काढताना

'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या अमेरिकी टीव्ही मालिकेतली (१९६९पासून) ही बाहुल्यांची जोडगोळी आकारांवरच उभी आहे. अर्नी केशरी, डोकं आडवं, स्वेटरचे पट्टेही आडवे. बर्ट पिवळा, लांबुळका, पट्टे उभे. त्यामुळे आधी फिक्या पेन्सिलीने एक आडवा, एक उभा लंबगोल काढा.

खरा जीव डोळ्यांत. पांढरे गोळे नाकाजवळ घ्या, बुबुळं किंचित नाकाकडे वळवा. अगदी मधोमध ठेवली की नजर हरवते. बर्टची सलग भुवई छोट्या काळ्या फटकाऱ्यांनी भरा.

तोंड उघडताना खालचा जबडाच खाली आणा, कारण आतून बाहुली चालवणाऱ्या कलाकाराचा अंगठा तोच हलवतो. वरचं डोकं मागे गेलं, तर डोळे छताला लागतात!

जाड काळी बाह्यरेषा टाळा, बाहुली रबरी दिसते. काठावर रंगीत पेन्सिलीचे तोकडे फटकारे मारले, की कापडाची लव उमटते.