झडप नसलेला पंप: बोटाने दाबून पाणी कसं फिरवाल?

पंपात झडप हवीच, नाहीतर पुढे ढकललेलं पाणी मागे येणार, असं वाटणं साहजिक आहे. पण मऊ नळी एकाच जागी लयीत दाबत राहिली, तर झडप नसतानाही पाणी एका दिशेने सरकत राहतं. गेरहार्ट लिबाऊ या जर्मन डॉक्टरांनी १९५४ मध्ये हे दाखवलं. हा पंप प्रत्येकाने एकदा तरी स्वतः करून पाहावा.

साहित्य: एक लांबट फुगा, साधारण मीटरभर कडक पारदर्शक नळी, धागा, पाण्याने भरलेला टब आणि थोडा खाण्याचा रंग.

१. फुग्याची दोन्ही टोकं कापून वीतभर लांबीची मऊ नळी करा.

२. ती पाण्याखाली धरून कडक नळीच्या दोन्ही टोकांवर चढवा, धाग्याने घट्ट बांधा. बंद कडं तयार होईल. शेवटचं टोक बांधण्याआधी कडक नळीत रंगाचे एक-दोन थेंब सोडा.

३. आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. बहुतेक प्रयोग इथेच फसतात, कारण हवा दबते आणि दाबाची लाट तिच्यातच विरते.

४. आता मऊ भाग मधोमध नव्हे, एका टोकाजवळ दाबा. सेकंदाला एक-दोन ठोक्यांपासून सुरुवात करा. बोट नळीवरून पुढे सरकवू नका. तसं केलं तर तो पिळून ढकलण्याचा वेगळाच पंप होतो.

प्रत्येक ठोक्याला रंग मागेपुढे हलेल. तिकडे लक्ष देऊ नका, बऱ्याच ठोक्यांनंतर तो एकूण कुठे पोचला ते पाहा.

असं का होतं? दाबल्यावर लाटा दोन्हीकडे धावतात आणि मऊ-कडक नळीच्या सांध्यावर आपटून परततात. जवळच्या सांध्यावरची आधी येते, लांबची उशिरा. या वेळेच्या फरकातून दोन टोकांच्या दाबांत तफावत उरते आणि तीच पाणी वाहवते. गर्भातलं हृदय सुरुवातीला साधी नळीच असते आणि झडपा तयार होण्याआधीच रक्त फिरवू लागते. तिथेही असंच काही घडत असावं, असं काही संशोधक मानतात.

ठोक्यांचा वेग मेट्रोनोम (ठरावीक लयीत टिकटिक करणारं साधन) लावून हळूहळू बदला. जोरात दाबलं की जास्त पाणी, असं सरळ गणित इथे नाही. एखाद्या वेगाला प्रवाह जोर धरतो, थोडा वेग वाढवला की मंदावतो, कधी उलटाही फिरतो.

खात्री करायची असेल तर वेग तोच ठेवून दुसऱ्या टोकाजवळ तितक्याच अंतरावर दाबा. रंग उलट दिशेने निघाला, तर पंप खरोखर चालतोय.